बाण डावीकडे जातात

१ जानेवारी, बुधवार

पतसंस्थेने यंदा कॅलेंडरऐवजी डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलाय. आजचा वाचून झाला. उद्यापासून त्यावर फूटपट्टी ठेवून लिहायचं.

पहिल्या पानावर माहिती भरायची असते, ती भरली. नाव दया. वय सत्तेचाळीस. व्यवसाय शिक्षिका, आठवी-नववीला विज्ञान. ‘अपघात झाल्यास कळवावे’ यासमोर जोएलचा नंबर लिहिला आणि हसू आलं, कारण अपघात झाला तरी नवरा शनिवारशिवाय यायचा नाही. तो सुप्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, आठवडाभर तिथेच खोलीवर राहतो आणि शनिवारी संध्याकाळी देवळाली प्रवराला घरी येतो. कॉलेजात एका वर्गात होतो म्हणून आमचं अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं.

‘छंद’ अशीही ओळ होती. तिथे ‘धनुर्विद्या’ लिहिलं आणि ते दोनदा वाचून पाहिलं.

चर्चमधली नवीन वर्षाची उपासना उरकून दुपारी बन्सीतात्यांच्या पट्टीवर गेले. तात्या आमचे शेजारी, आठ एकर ऊस. विहिरीकडे जाणारी पडीक पट्टी त्यांनी मला वापरायला दिली त्याला अकरा वर्षं झाली. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधे ही बोळ. एका टोकाला मोटारीची खोली आणि चिंच, तिथे मी उभी राहते. पन्नास मीटरवर मातीचा ढिगारा आणि त्याला टेकवलेलं लक्ष्य. तात्यांची बायको छबूबाई याला ‘बाईंची गल्ली’ म्हणते.

आज छत्तीस बाणांत तीनशे साठपैकी तीनशे सहा. जन्मात एवढे झाले नव्हते. श्रेय पप्पांचं. नाताळात माळ्यावरून त्यांचा बिस्किटांचा डबा काढला. आत टर्कीची पिसं, चार-चार बोटं लांब, डांबरगोळ्या घालून जपलेली. माझ्या बाणांना मागे प्लास्टिकचे छोटे कडक पंख होते, ते खरवडून काढले आणि बाराही बाणांना पप्पांची पिसं डिंकाने चिकटवली. बाण सोडताना हात थोडा चुकला तरी मोठं पीस मागून बाणाला सरळ करतं. पप्पाही तरुणपणी उसातल्या बोळीतच बाण मारायचे; म्हणायचे, मोठं पीस बाणाला सांभाळून नेतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि अजून ते मला गुण मिळवून देताहेत.

१० जानेवारी, शुक्रवार

नववी ‘ब’ने लंबकाचा प्रयोग केला. मोनिकाच्या गटाने दोराही बदलला आणि वजनही बदललं, आणि मग मलाच विचारतात, “बाई, वेळ कशामुळे बदलली?” म्हटलं, आता मला काय स्वप्न पडणार आहे? ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, चौकट केली आणि वार्षिक परीक्षेपर्यंत पुसायचं नाही अशी तंबी दिली.

संध्याकाळी ३०२. जामखेडच्या जिल्हा स्पर्धेचा अर्ज भरला. दोन मार्च, रविवार. प्रौढ महिलांत गेली चार वर्षं मी चौथी येते आहे. यंदा पिसं पप्पांची आहेत, बघू.

२१ जानेवारी, मंगळवार

तात्यांच्या उत्तरेकडच्या तुकड्याला तोड आली. पाथर्डीकडची टोळी आहे, दहा कोयते. सप्टेंबरपासून “आज येती, उद्या येती” चाललं होतं. तात्या लग्नघरातल्यासारखे मिरवताहेत. छबूबाईने उसाच्या हिरव्या वाढ्यांची मोळी दाखवून विचारलं, “बाई, एखादी म्हैस पाळा की. चारा फुकट देते.” दरवर्षीचा विनोद, दरवर्षी तीच हसते.

माणसं रानात असताना बाण मारायचे नाहीत हा माझा नियम. त्यामुळे तीन-चार दिवस सुट्टी.

२५ जानेवारी, शनिवार

पट्टीवर काय उजेड आलाय! उजव्या हाताला आता थेट पाण्याच्या टाकीपर्यंत दिसतं. लक्ष्याचा कागद सारखा फडफडत होता, चार टाचण्या जास्त मारल्या.

२७१. चार दिवसांचा खंड पडला, दुसरं काय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, संचलन, लाडू. दुपारी पट्टीवर २६२.

बाण डावीकडे जाताहेत. सगळे नाहीत. दोन मधे लागतात, तिसरा वीतभर डावीकडे, चौथा पुन्हा मधे. नेम तोच, उभं राहणं तेच. जुनं पुस्तक काढून बघितलं. लिहिलंय की उजव्या हाताने धनुष्य ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जात असतील, तर दोरी सोडताना उजवा हात बाहेर झटका खातो आहे.

उजवा हात.

२८ जानेवारी, मंगळवार

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. इथे नाही लिहायचं तर कुठे?

पप्पांना कंपवात होता. सुरुवात उजव्या हातापासून झाली. ते चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि एका रविवारी त्यांची करंगळी नको त्या पट्टीवर पडली. सगळ्यांनी हसून सोडून दिलं. मग चहा सांडायला लागला. पप्पांनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त “मला अर्धाच कप” म्हणायला लागले. अर्धा कप सांडत नाही. आम्हाला वाटलं पथ्य करताहेत. आई तर कौतुक करायची. शेवटी शेवटी ते माझ्या सहा बाणांना पिसं लावायला बसले आणि एकही सरळ लागलं नाही. त्यांनी बाण माझ्याकडे दिले आणि स्वतःबद्दलच म्हणाले, “कृपादान मास्तर रिटायर झाले.”

करंगळी पहिल्यांदा चुकली तेव्हा ते अठ्ठेचाळीस-पन्नासचे होते. मी सत्तेचाळीस आहे.

आज खडू हातातून निसटला. दोनदा.

१ फेब्रुवारी, शनिवार

जोएल आला. घरी असला की चहा तोच करतो. मी म्हटलं, मला अर्धाच, पित्त झालंय. तो बरं म्हणाला. एवढंच. कधी कधी मला या माणसाचा राग येतो. अठरा वर्षं संसार झाला, पण याच्या डोळ्यासमोर बायको पेटली तरी हा आधी गॅस बंद आहे का बघेल.

पट्टीवर २५८. हाताकडे बघत होते. ओढताना स्थिर दिसतो. पण सोडायच्या क्षणी काय करतो ते मला दिसत नाही ना.

२ फेब्रुवारी, रविवार

छबूबाई विहिरीवर भेटली. तिची वेगळीच रड. “ऊस गेल्यापास्नं घरात नुसता फुपाटा येतोय बाई. भाकरी थापली की वर मातीचा थर. चूल तर पेटंच ना.” मी हो हो केलं. माझं लक्ष नव्हतं. माणसाला आपापली दुःखं असतात, तिचं भाकरीवरची माती.

दिवसाला सहा-सात कप चहा होतोय, अर्धे-अर्धे का असेना. झोप म्हणाल तर नाहीच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे जाऊन नगरच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे फोन केला. सहा मार्चशिवाय नंबर नाही. बाईने नाव, वय, तक्रार विचारली. ‘तक्रार’ सांगताना आवाज खाली गेला आणि ती दोनदा “मोठ्याने बोला” म्हणाली. नातेवाइकाचा नंबर सक्तीचा होता, तो जोएलचा दिला. तिथून कोण कशाला फोन करतंय.

सहा मार्च गुरुवार आहे. जोएल सुप्याला असेल. बँकेचं काम सांगून जाईन.

८ फेब्रुवारी, शनिवार

जोएलने आज स्वतःलाही अर्धाच कप ओतला. विचारलं तर म्हणाला, “शुगर बॉर्डरवर आहे, कारखान्यात तपासणी झाली.” इतकी महत्त्वाची गोष्ट अशी सांगतात? साखर तर दोन चमचे घातलीच होती. मी खडसावलं. मग दोघं आपापला अर्धा कप घेऊन ओसरीत बसलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. कप रिकामे झाले तरी उठेना.

९ फेब्रुवारी, रविवार

जोएल पट्टीवर आला. गेल्या दोन वर्षांत आला नव्हता. मी म्हटलं, माझा उजवा हात मोबाईलमध्ये काढ, सोडतानाचा. कशासाठी ते विचारलं नाही. बारा बाणांचं चित्रण केलं. नंतर हळू करून बघितलं. हात सरळ मागे जातोय.

“खांबासारखा आहे की हात,” जोएल म्हणाला.

“मग बाण डावीकडे का जातात?”

“ते मला काय माहीत. पण हात चांगला आहे.”

मला बरं वाटावं म्हणून बोलतो. त्याला कुठे कळतंय बाणातलं. शिवाय तो मोबाईल हलवत होता, मग कोण कुणाचा हात बघणार?

२५५. हा आकडा लिहिताना शाई पुसली गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं. जामखेडला जायचं नाही. सगळ्यांसमोर हात झटका खाताना दिसायला नको. धनुष्याचे भाग सुटे करून, कापडात गुंडाळून कपाटावर ठेवायचे आणि कुणी विचारलं तर खांदा दुखतो म्हणायचं. खांद्याला कुणी नावं ठेवत नाही.

आयोजकांना कळवायला मेसेज लिहिला. पाठवला नाही. पाठवायचं बटण दाबताना अंगठा थरथरला. की मीच थरथरवला? आता मला काहीच कळत नाही. रविवारी शेवटचे छत्तीस बाण मारीन आणि मग पाठवीन.

१६ फेब्रुवारी, रविवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर पुढचंच आधी लिहिलं जाईल.

सकाळी आठला पट्टीवर गेले. जोएलला म्हटलं तू झोप. चिंचेखाली येऊन बघते तर बरोबर मध्यावर, माझ्या बाणांच्या वाटेत, छबूबाई. खाली ताडपत्री, बडवलेल्या हरभऱ्याचा ढीग आणि हातात सूप. बांधावरचा हरभरा असतो घरापुरता, तो ती अजून हातानेच करते. शेवटचा दिवस आणि त्यातही अडथळा. मी तिथूनच ओरडले.

“मावशी, अंगण सोडून हे काय मधेच मांडलंय?”

“अंगनात कुठं वारं हाय?” ती सूप खाली न ठेवता म्हणाली. “हितं बगा कसं लागतंय.”

“कुठे लागतंय? पानही हलत नाही.”

“तुमी चिंचंखाली, खोलीच्या आडुशाला उभ्या. तितं काय लागनार? हितं या की मधी. ऊस व्हता तवर हितं बी काय न्हवतं. आता लई झ्याक जागा झाली उपनायला.”

तिला हटवायचं म्हणूनच गेले. वीसएक पावलं टाकली असतील आणि ओढणी उडून तोंडावर आली. मी थांबले. एक पाऊल मागे गेले तर शांत. पुढे आले तर वारा. थंडगार, उत्तरेचा, सरळ पाण्याच्या टाकीकडून येणारा. म्हणजे उजवीकडून.

छबूबाईने सूप खांद्याच्या वर धरलं आणि हळूहळू रिकामं केलं. हरभरा तिच्या पायाशी टपटप पडला. आणि भूस गेलं डावीकडे. वीतभर, हातभर, जरा थांबून पुन्हा वीतभर. वारा आला की जास्त, पडला की कमी.

दोन मधे, तिसरा डावीकडे, चौथा पुन्हा मधे.

“परत टाका,” मी म्हटलं.

“आँ?”

“अजून एक सूप टाका मावशी. मला बघायचंय.”

तिने टाकलं. मग आणखी एक टाकलं. दाणा लहान, जड, तो सरळ खाली. भूस हलकं आणि पसरट, त्याला वारा धरतो आणि नेतो. माझ्या बाणाच्या मागे चार बोटांची तीन पिसं. तीन पसरट पानंच म्हणा ना. बाण अर्ध्या वाटेपर्यंत जातो, तिथे वारा ती पानं धरतो आणि बाण डावीकडे सरकवतो. हाताचा काही संबंध नाही. ऊस उभा होता तेव्हा तो दोन्ही बाजूंनी भिंत होऊन उभा होता. अकरा वर्षं मी भिंतीच्या आत बाण मारत होते. इतर वर्षी तोड झाली की महिनाभर लक्ष्य शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेते, शाळेतल्या मुलींच्या सरावासाठी. यंदा शाळेत बांधकाम चालू आहे म्हणून इथेच राहिले. आणि यंदाच पिसंही मोठी लावली. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मी तिसरीच पकडून बसले, पप्पांच्या हाताची.

मी तिथे विहिरीच्या पाटाच्या कडेला बसले आणि रडले. चांगली हमसून रडले. बावीस दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

छबूबाई सूप टाकून धावत आली. “डोळ्यात भुसकाट गेलं व्हय?”

“व्हय,” म्हटलं.

तिने पदराचं टोक करून माझे दोन्ही डोळे पुसले आणि वर म्हणाली, “वाऱ्याच्या खाली बसू न्हाई, येवडं बी कळंना व्हय बाई तुमाला? आन् शाळंत शिकवता!”

१७ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात शिरले तर समोर ती चौकट. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला.’ पाच आठवडे तिथे आहे, रोज बघते आहे. पोरं माझ्याकडे बघत होती, मी फळ्याकडे. अमृत शेवटच्या बाकावरून म्हणाला, “बाई, पुसू का?” म्हटलं, हात तरी लाव.

मनातलं सगळं गेलेलं नाही. बाण डावीकडे का गेले ते कळलं. खडू का पडला ते नाही कळलं. चहा का डुचमळतो तेही नाही. नगरचा नंबर राहू दे. पण आज खूप दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर शिस्तीत प्रयोग केला. सहा बाणांवर पप्पांची पिसं ठेवली. बाकी सहांवरून काढली आणि पुन्हा प्लास्टिकचे छोटे पंख लावले, दीड बोटाचे. काढताना वाईट वाटलं. प्रत्येक पिसाच्या बुडाला पप्पांनी पेन्सिलने बारीक आकडा घातलेला आहे. ती पिसं परत डब्यात ठेवली.

मग एकाच वाऱ्यात एक हा, एक तो, असे मारले. लक्ष्याशेजारी काठीला लोकरीचा धागा बांधला. छबूबाईला वाटलं नवस आहे. धागा पूर्ण आडवा झाला की पिसांचे बाण वीतभर डावीकडे, छोट्या पंखांचे चार बोटं. म्हणजे वारा दोघांनाही नेतो, पण छोट्याला कमी. फुकट मात्र काही नाही. छोटा पंख लाड करत नाही. सोडताना माझा हात चुकला की पीस सावरून घ्यायचं, हा सरळ चूक दाखवतो. मंगळवारी एक बाण चक्क ढिगाऱ्यात गेला आणि तो निव्वळ माझा होता. मला केवढा आनंद झाला! स्वतःची साधी चूक किती दिवसांनी भेटली.

वारा अंदाजे मापून नेम उजवीकडे धरायला शिकते आहे. धागा खाली आला की सोडायचा, आडवा असला की थांबायचं, फार वेळ आडवाच राहिला तर नेम सरकवायचा. काल २८१.

जोएलला आज सगळं वाऱ्याचं सांगितलं. आजाराचं नाही, नुसतं वाऱ्याचं. त्याने पूर्ण ऐकलं, मग म्हणाला, “मी म्हटलं होतं हात चांगला आहे.” आणि अचानक उठून तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. चहा अर्धाच ओतला दोघांना, पण शिटी वाजवत ओतला.

२ मार्च, रविवार

जामखेड. मैदान इतकं उघडं की उभं राहायला आडोसा नाही. नऊ वाजल्यापासून वारा, अकराला धुळीचे लोट. आयोजकांनी लक्ष्यांवर छोटे झेंडे लावले होते. आपल्याकडे लोकरीचा धागा होता म्हणून मला त्यांचा धाक वाटला नाही.

शेजारच्या लेनमध्ये रुपाली म्हणून नगरची एक जण होती, तिशीची, माझ्याहून दसपट चांगली. तिच्या बाणांना लांब लाल पिसं. पहिल्या फेरीनंतर तिचा चेहरा बघितला आणि ओळखला. तो चेहरा मी महिनाभर आरशात बघितलाय. ती उजव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती.

मी स्पर्धेत होते, बोलू नये. पण बोलले.

“हात बघू नका. झेंडा बघा.”

तिने झेंड्याकडे बघितलं, मग पिसांकडे. पुढच्या फेरीत नेम लक्ष्यावरची दोन वर्तुळं सरकवला आणि दोन लागोपाठ मधे मारले.

तिचा तिसरा नंबर आला. माझा चौथा. २८६ गुण. सोबत आलेला जोएल म्हणाला, “तू बोलली नसतीस तर तिसरी आली असतीस.” म्हटलं, असू दे. चौथ्या नंबरची मला सवय आहे.

छत्तीसपैकी दोन बाण पार बाहेर गेले. एक वाऱ्याचा. एक माझा, मी घाई केली. कुठला कुणाचा ते मला सोडतानाच कळलं, आणि महिनाभर मला हेच तर कळत नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

सकाळच्या एसटीने नगर. शाळेत बँकेचं काम सांगितलं. दवाखान्याच्या फाटकाशी जोएल उभा होता. कारखान्याचा निळा शर्ट, हातात डबा.

मी म्हटलं, “तू इथे कसा?”

“त्यांनी चार तारखेलाच फोन केला होता. नंबर पक्का करायला. फेब्रुवारीच्या.”

“म्हणजे तुला महिनाभर माहीत होतं?”

“तू सांगशील म्हणून थांबलो,” तो म्हणाला. “मग तू वाऱ्याचं सांगितलंस. म्हटलं, तेवढं तर तेवढं.”

रस्त्यात उभं राहून नवऱ्याला मारता येत नाही, म्हणून त्याचा डबा हातात घेतला आणि आत गेलो.

डॉक्टर तरुण होते. बोटं आपटायला लावली, हात पुढे धरायला लावले, व्हरांड्यात चालवलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. पप्पांबद्दल सगळं विचारलं. मग म्हणाले, आज तरी त्या आजाराचं एकही लक्षण नाही. वडिलांना होता म्हणून मुलीला होतोच असं नाही, बहुतेकदा होत नाही. चहा किती, झोप किती, हे विचारल्यावर मी खरं सांगितलं. ते हसले. “बाई, एवढ्या चहावर आणि एवढ्या झोपेवर माझाही खडू पडेल. हवं तर वर्षाने एकदा दाखवून जा.” उद्याची हमी डॉक्टरही देत नाही. पण आजची दिली.

येताना एसटीत खिडकीतून ऊस बघत होते. आमच्या शिवाराजवळ तात्या भेटले, उत्तरेच्या तुकड्याला पाणी देत होते. तोडलेल्या खोडांना हिरवे कोंब फुटलेत.

“खोडवा हाय,” तात्या म्हणाले. “दिवाळीपतूर पुन्ना डोक्यावर. मग तुमची गल्ली जशीच्या तशी.”

म्हणजे दिवाळीनंतर पप्पांची पिसं पुन्हा लावता येतील. पप्पा चुकीचं सांगत नव्हते. त्यांनी कधी उसाबाहेर बाण मारलाच नव्हता.

घरी आलो. जोएलने आधण ठेवलं. कपाटातून दोन कप काढले आणि सवयीने अर्ध्यावर हात थांबवला.

“तुझी शुगर किती आहे रे?” मी विचारलं.

“कुठली शुगर?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो कपाकडे बघत होता. आठ फेब्रुवारीपासून या माणसाने प्रत्येक शनिवार-रविवारी माझ्यासोबत अर्धा कप चहा घेतला होता, म्हणजे टेबलावर माझा एकटीचा अर्धा दिसू नये. आणि मी त्याला साखरेवरून खडसावत होते.

“पूर्ण भर,” मी म्हटलं.

त्याने भरला. काठोकाठ भरला, वर थोडा आणखी, आगाऊपणाने. मी तो उचलून ओसरीत आणला. उंबऱ्यावर मला हसू आवरलं नाही आणि चहा बशीत सांडला, बशीतून बोटांवर, बोटांवरून फरशीवर.

सांडला. मी खाली बघितलंसुद्धा नाही.